एकच अळी, पण रोज: लहान मुलांना निरीक्षण शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच ते आठ वर्षांच्या मुलांना जिवंत कीटक दाखवून निरीक्षण शिकवायचं आहे. कीटक आणले, भिंगं वाटली, तरी पाच मिनिटांत "बघून झालं" असा गलका होतो. निम्मी मुलं "ई" करून मागे सरकतात आणि वहीत सगळ्यांची चित्रं पुस्तकातून उतरवल्यासारखी एकसारखी येतात. मग कोणते कीटक घ्यावेत, आणि मुलांकडून नेमकं करून काय घ्यावं?

माझं उत्तर: कीटक कमी करा, दिवस वाढवा. एका तासात दहा प्रकारचे किडे दाखवले की मुलांच्या हाती दहा नावं लागतात आणि त्यातली बरीचशी संध्याकाळपर्यंत गळून जातात. तीच अळी तीन आठवडे समोर राहिली, तर मूल तिच्याकडे परत परत जातं. निरीक्षणाची सगळी गंमत या परत जाण्यात आहे. काल मी जे म्हटलं ते आज खरं ठरतंय का, हे त्याला स्वतःला बघता येतं. "बघून झालं" म्हणणाऱ्या मुलांवर रागावण्यात अर्थ नाही, कारण "बघा" एवढंच काम दिलं तर ते पाच मिनिटांत संपणारच. "कालच्यापेक्षा काय बदललं?" हे काम मात्र लवकर संपत नाही.

जिवंत प्राण्याचा दुसरा फायदा फार कमी शिक्षक वापरतात. तो वाद मिटवतो. एक मूल म्हणतं पाय आठ, दुसरं म्हणतं सहा, आणि दोघं आपल्या तोंडाकडे बघतात. त्या क्षणी गप्प बसता आलं पाहिजे. "डब्यात बघा" एवढंच म्हणायचं. हे सोपं वाटतं, पण शिक्षकाच्या जिभेवर उत्तर तयार असताना ते गिळणं हा या सगळ्या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. चार-पाच वेळा असं झालं की मुलं आपल्याला विचारायचं सोडून परस्पर डब्याकडे जायला लागतात. आपण तिथे नसलो तरी चालतं, अशी वेळ आली म्हणजे गाडी रुळावर आली.

आता कीटक कोणते. माझी पहिली पसंती रेशीमकिड्याला. तो पळत नाही, चावत नाही, उडत नाही, हातावर घेतला तरी चालतो, आणि झपाट्याने वाढतो. अंडी उबायला ठेवल्यापासून साधारण 10 ते 12 दिवसांत केसासारख्या बारीक काळ्या अळ्या बाहेर येतात. पुढे सुमारे 25 ते 28 दिवस त्या नुसतं खातात आणि चार वेळा कात टाकतात. मग दोन-तीन दिवस कोष विणणं, कोषाच्या आत दोनेक आठवडे, आणि शेवटी उडता न येणारा, काहीही न खाणारा पांढरा पतंग. अट एकच: तुतीची ताजी पानं शेवटपर्यंत मिळाली पाहिजेत. शेवटच्या आठवड्यात त्यांची भूक इतकी वाढते की एरवी पुरेसं वाटणारं झाड कमी पडतं. तुतीची सोय पक्की नसेल तर या वाटेला जाऊ नका. अळ्या उपाशी मरताना बघणं हा मुलांसाठी अतिशय वाईट धडा असतो.

तुती नसेल तर लिंबाच्या रोपावरची अळी. लिंबू, संत्रं, कढीपत्ता यांच्या कोवळ्या पानांवर लाइम नावाचं फुलपाखरू अंडी घालतं. ही अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-तपकिरी आणि मध्ये पांढरा डाग. शेवटच्या कातीनंतर ती एकदम हिरवीगार होते. तिला डिवचलं की डोक्याच्या मागून नारिंगी-लालसर, दोन फाटे असलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुलांना हे एकदा कळलं की ती अळीला दिवसभर डिवचत बसतात. म्हणून हा प्रकार योगायोगाने दिसला तर दिसू द्या, मुद्दाम करून दाखवू नका. आणि पानं फवारणी केलेल्या झाडाची नकोत. औषधाचा अंश असला तर दुसऱ्या दिवशी अळ्या काळ्या पडून लोंबताना दिसतील. धुतल्याने तो पूर्ण जाईलच असं नाही.

तिसरा पर्याय मीलवर्म. एका काळ्या भुंगेऱ्याची ही पिवळसर, कडक अंगाची अळी. कोंड्यात किंवा ओट्समध्ये ठेवायची, ओलाव्यासाठी गाजराची फोड टाकायची, झालं. फोड बुरशी धरण्याआधी बदलली की बाकी काही करावं लागत नाही. दिसायला ही अळी रेशीमकिड्याइतकी देखणी नाही आणि वाढतेही सावकाश, थंड खोलीत तर महिनोन्महिने लागतात. पण प्रयोगांसाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. ते पुढे सांगते.

मुंग्या डब्यात भरू नका, त्यांच्याकडे आपण जायचं. रातकिडे ऐकायला उत्तम, पण लहान गटात ठेवा, नाहीतर त्यांच्या आवाजात तुमचा आवाज बुडेल. मधमाश्या, गांधीलमाश्या, केसाळ सुरवंट आणि ओळखता न येणारे भडक रंगाचे भुंगेरे यांना डब्यात जागा नाही. सुरवंटाचे केस कातडीत रुततात, आणि काही भुंगेऱ्यांच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड येतात. झुरळं टिकाऊ असतात आणि आयती मिळतात, पण त्यांच्या विष्ठेने आणि कातीने अनेकांना दम्याचा आणि अॅलर्जीचा त्रास होतो, म्हणून मी ती टाळते. मीलवर्मच्या भुकटीनेही काही मुलांना शिंका येतात किंवा खाज सुटते. पालकांना आधी विचारून ठेवा, आणि डबा हाताळल्यावर प्रत्येकाने हात धुवायचेच.

डब्याबद्दल एकच गोष्ट नीट सांगते, कारण अळ्या मरतात त्या बहुतेक वेळा इथेच. लोक झाकणाला भोकं पाडण्याची फार काळजी करतात आणि ओलाव्याची अजिबात करत नाहीत. बंद डब्यात पानांची वाफ धरते, भिंतींना थेंब येतात, विष्ठेला बुरशी लागते आणि अळ्यांना रोग होतो. तळाला कागद घाला, तो रोज बदला. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवणार असाल तर बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा, अळी देठावरून खाली उतरते आणि पाण्यात बुडून मरते. तीन-चार मुलांत एक डबा पुरतो. यापेक्षा मोठा गट झाला की पुढची दोन मुलं बघतात आणि मागची ढकलाढकली करतात.

पहिल्या दिवशी डबा उघडूच नका. कोरा कागद द्या आणि सांगा, मुंगी काढा, आठवेल तशी. कुणी हसणाऱ्या तोंडाची मुंगी काढेल, कुणी चार पायांची, कुणाच्या मुंगीला शेपटी असेल. बहुतेक चित्रांत पाय अंगभर वाटून दिलेले असतील, ट्रेनच्या डब्यांना चाकं असतात तसे. एकही चित्र दुरुस्त करू नका. ते तारीख घालून ठेवून द्या. मग खरी मुंगी, शक्यतो मोठी, चपट्या पारदर्शक डबीत घालून भिंगाखाली द्या आणि पुन्हा चित्र काढायला सांगा. आता मूल स्वतःच्या चित्राशी भांडायला लागतं. "माझ्या मुंगीचे पाय पोटाला होते, हिचे मधेच आहेत, सगळे!" हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं की कीटकाचे डोकं, छाती, पोट असे तीन भाग आणि छातीला पायांच्या तीन जोड्या हा धडा फळ्यावर लिहावा लागत नाही.

इथे एक खाचखळगा आहे. मुंगीऐवजी भुंगेरा दिलात तर पायांची गोष्ट बिघडते. भुंगेऱ्यात छातीचे मागचे दोन भाग पोटाला इतके चिकटलेले असतात की मधली आणि मागची जोडी पोटातूनच निघाल्यासारखी दिसते. "दोन पाय छातीला, चार पोटाला" असं लिहिणारं मूल बरोबर बघतंय. त्याला चूक म्हटलंत तर तो डोळ्यांवरचा विश्वास सोडून तुमच्या वाक्यावर विश्वास ठेवायला शिकेल. त्याची नोंद तशीच राहू द्या, आणि शेजारी मरून पडलेला एखादा चतुर किंवा मोठी मुंगी ठेवा. फरक तोच शोधेल.

अळीच्या बाबतीत तर पायांचा घोळ आणखी मजेदार. सहा पाय असतात हे पाठ झालेलं मूल रेशीमकिड्याचे पाय मोजतं आणि सोळा भरतात. पुन्हा मोजतं, पुन्हा सोळा. मग शांतता. मी या शांततेची वाट बघत असते. घाईने सांगू नका की मागचे खरे पाय नव्हेत. "सगळे सोळा सारखेच दिसतात का?" एवढं विचारा आणि अळीला पारदर्शक झाकणावर चालायला लावून झाकण वर धरा, म्हणजे खालून बघता येईल. पुढचे सहा टोकदार आणि सांध्यांचे, मागचे दहा मऊ, मांसल, पृष्ठभागाला धरून राहणारे. मागचे पाय कसे धरतात आणि सोडतात, ते कुठून सुरू होतं, ही लाट मागून पुढे जाते की पुढून मागे, यावर मुलं बराच वेळ घालवतात. पतंग बाहेर आल्यावर त्यांना कळतं की राहिले कुठले आणि गेले कुठले.

एवढं झालं की अळीच्या अंगाकडे वळा. रेशीमकिड्याच्या दोन्ही बाजूंना काळे ठिपके ओळीने असतात, एका बाजूला नऊ. मुलं ते मोजतात, पण कशाला आहेत हे कुणालाच सुचत नाही. मी तिथे एकच प्रश्न टाकते: "हिचं नाक कुठे आहे?" मुलं तोंडाजवळ शोधतात, सापडत नाही, मग कधीतरी कुणाची तरी नजर त्या ठिपक्यांवर जाते. याला दोन दिवसही लागतात. लागू द्या. त्याहून भारी गोष्ट पाठीवर दिसते. अळी मोठी झाली की तिची कातडी इतकी पातळ दिसते की पाठीच्या मधोमध, विशेषतः मागच्या टोकाकडे, एक काळसर रेघ आकुंचन पावताना आणि फुगताना दिसते. ते तिचं हृदय, शरीरभर लांब नळीसारखं. ठोके मोजायला घड्याळ द्या. मग आपल्या मनगटावरचे ठोके मोजा. यानंतर त्या मुलांपैकी कुणी अळीला चिरडायला धजत नाही. त्याबद्दल मला वेगळं भाषण करावं लागलेलं नाही.

कात टाकण्याच्या वेळी अळी खाणं थांबवते, पुढचा भाग उचलून दिवसभर निश्चल बसते. मुलं घाबरून सांगत येतात, मेली. "मेली हे कशावरून?" "हलत नाही, खात नाही." "मग कागदावर तसंच लिहा, वेळ घाला, उद्या बघू." दुसऱ्या दिवशी अळी चालत असते, डोकं मोठं आणि फिकट, आणि तळाच्या कागदावर टाचणीच्या डोक्याएवढं एक तपकिरी टोपण पडलेलं असतं. ते तिचं आधीचं डोक्याचं कवच. ते शोधून काढणं ही माझ्या वर्गातली सगळ्यात मानाची कामगिरी.

वर जो संवाद दिला त्यात भाषेचं काम दडलेलं आहे. मुलं जे दिसतं ते आणि जे वाटतं ते एकाच श्वासात बोलतात. "ती घाबरली." "तिला पान आवडलं." "ती आईला शोधतेय." यावर हसू नका, आणि "किड्यांना भावना नसतात" असं ठणकावूही नका. विचारा: काय दिसलं म्हणून तुला तसं वाटलं? "मी फुंकर मारली आणि तिने डोकं आत ओढलं." हे झालं निरीक्षण. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून घ्या, एका बाजूला डोळ्याचं चित्र, दुसऱ्या बाजूला ढगाचं. दिसलं ते डोळ्याखाली, वाटलं ते ढगाखाली. पाच वर्षांच्या मुलाला लिहिता येत नसेल तर ते सांगेल आणि तुम्ही लिहा, पण कुठल्या बाजूला लिहायचं हे त्याने ठरवायचं. सुरुवातीला सगळं ढगाखाली जातं. दुसऱ्या आठवड्यापर्यंत मुलं एकमेकांनाच दटावायला लागतात, "ते ढगातलं आहे!"

विशेषणांचाही असाच प्रश्न. "छान", "घाण", "विचित्र" हे शब्द किड्याबद्दल काही सांगत नाहीत. मी एक खेळ घेते. एक मूल डब्यातल्या एका अळीचं वर्णन करतं, दुसरं न बघता ऐकतं आणि मग चार अळ्यांमधून ती ओळखून काढतं. "छान अळी" म्हटलं तर ओळखता येत नाही. "तिसऱ्या कड्यावर करडा डाग आहे, शेपटीवरचं शिंग वाकडं आहे" म्हटलं की लगेच सापडते. नेमकं बोलण्याची गरज खेळातूनच येते, ती वेगळी पटवावी लागत नाही.

नाव सांगायची घाई नको. "हे काय आहे?" या प्रश्नाला उत्तर मिळालं की बहुतेक मुलांचं बघणं थांबतं, मोठ्यांचंही. मी पहिले दोन-तीन दिवस नाव सांगत नाही, मुलांना त्यांचं नाव ठेवू देते. नंतर खरं नाव येतं तेव्हा त्या नावामागे त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच काही असतं. पालकांची तक्रार येते की आठवडा झाला तरी मुलाला "रूपांतरण" हा शब्द आलेला नाही. येईल.

मोजण्याकडे वळताना पट्टी पहिल्या दिवशी आणू नका. पाच-सहा वर्षांच्या मुलांना पट्टीवरचे आकडे अळीपेक्षा जास्त त्रास देतात. त्याऐवजी दोरा घ्या. अळीशेजारी दोरा धरायचा, तिच्या लांबीएवढा कापायचा, मोठ्या कागदावर त्या दिवसाच्या खाली चिकटवायचा. दोन आठवड्यांत भिंतीवर आपोआप आलेख तयार होतो आणि तो वाचायला कुणाला शिकवावं लागत नाही. कात टाकण्याच्या दिवशी दोरा वाढलेला नाही, हे त्यांना दिसतं. मग कुणीतरी शंका काढतं की अळी ताणून चालताना लांब होते आणि बसल्यावर आखूड, मग कुठली खरी? मापनातली चूक आणि एकच नियम ठरवण्याची गरज, इतका गंभीर विषय सहा वर्षांच्या मुलांनी स्वतःहून काढलेला असतो. त्यांना ठरवू द्या. "बसलेली असतानाच मोजायची" असा काहीतरी निर्णय होतो आणि तो पाळला जातो की नाही यावर करडी नजर ठेवणारं एक तरी मूल निघतंच.

खाल्लेलं मोजायचं असेल तर पानाची कड आधी कागदावर गिरवून ठेवा, दुसऱ्या दिवशी उरलेलं पान त्यावर ठेवा. विष्ठेच्या गोळ्या मोजायला मुलांना अतोनात आवडतं, मोजू द्या. कोष करण्याआधी लिंबावरच्या अळीची विष्ठा एकदम पातळ होते आणि ती डब्यात भटकायला लागते. ज्यांनी रोज गोळ्या मोजल्या आहेत त्यांनाच हा बदल आधी कळतो.

मोठ्या, म्हणजे सात-आठ वर्षांच्या मुलांना आता "का" या प्रश्नांवरून पुढे न्या. "मीलवर्म कोंड्यात का घुसतो?" याचं उत्तर अळी देणार नाही. पण "उजेड आणि अंधार दोन्ही दिले तर कुठे जातो?" याचं उत्तर ती देईल. उथळ ट्रे घ्या, अर्ध्यावर काळा कागद झाका, मध्यभागी दहा मीलवर्म सोडा, पाच मिनिटांनी दोन्ही बाजू मोजा. आधी अंदाज लिहून घ्या, नाहीतर सगळे नंतर म्हणतात की मला माहीतच होतं. आकडे आले की मुलं जाहीर करतात, अंधार आवडतो. तिथे थांबू नका. मीलवर्मना कडेकडेने, भिंतीला अंग घासत चालायची सवय असते. मग ते अंधाराकडे गेले की कोपऱ्याकडे? कागद दुसऱ्या बाजूला सरकवा, ट्रे फिरवा, पुन्हा मोजा. बरेचदा आकडे पहिल्यासारखे येत नाहीत आणि मुलं हिरमुसतात. मला तोच दिवस सर्वांत कामाचा वाटतो, कारण तेव्हाच "अजून एकदा करूया" ही मागणी त्यांच्याकडून येते.

मुंग्यांची रांगही अशीच वापरा. साखरेच्या पाण्याचा थेंब रांगेपासून थोडा दूर ठेवा, पहिली मुंगी किती वेळात येते ते बघा, परत जाताना ती कुणाला भेटते ते बघा. रांग पक्की झाली की मध्ये बोटभर जागा ओल्या फडक्याने पुसा. मुंग्या त्या जागेपाशी येऊन थबकतात, मागे वळतात, इकडेतिकडे मिशा फिरवतात. डोळ्यांना तिथे काहीच दिसत नसताना मुंग्यांना मात्र काहीतरी हरवलेलं जाणवतंय, हे बघून मुलं स्वतःच वासापर्यंत येतात. चावणाऱ्या लाल मुंग्या सोडून कुठल्याही चालतील.

या वयात दोन माणसांच्या गोष्टी सांगाव्यात. पहिली मारिया सिबिला मेरियनची. तिचा जन्म 1647 साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा. 13 वर्षांची असताना तिने रेशीमकिडे पाळून त्यांचे बदल चित्रांत टिपायला सुरुवात केली. किडे चिखलातून, कुजक्या वस्तूंतून आपोआप जन्मतात असं मानणारे तेव्हा पुष्कळ होते. कीटकाच्या सगळ्या अवस्था आणि त्याचं खाद्यझाड अशी एकत्र चित्रं तिने काढली, आणि 1699 मध्ये त्यासाठी थेट दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. दुसरी चार्ल्स हेन्री टर्नरची, 1867 ते 1923. हा कृष्णवर्णीय अमेरिकन शास्त्रज्ञ सेंट लुईसमधल्या एका शाळेत शिकवता शिकवता संशोधन करत होता. मधमाश्यांना रंग ओळखता येतात का हे त्याने रंगीत चकत्यांवर मध ठेवून, उघड्या मैदानात तपासलं. या दोघांची साधनं आपल्या वर्गातल्या साधनांपेक्षा फार वेगळी नव्हती, हे मुलांना लगेच कळतं.

आता "ई"बद्दल. भीती बहुतेक वेळा मोठ्यांच्या चेहऱ्यावरून येते. तुम्हालाच अळीची किळस येत असेल तर ती लपवू नका, मुलांना कळतेच. "मलाही हात लावायला नको वाटतं, मी भिंगातून बघते" हे प्रामाणिक वाक्य चालतं. हात लावायची सक्ती कुणालाही नाही, आणि धीट मुलांनी भित्र्यांच्या अंगावर अळी टाकली तर डबा दिवसभरासाठी बंद. घाबरणाऱ्या मुलाला लांबून करता येईल असं काम द्या, घड्याळ बघणं, आकडे लिहिणं. आकडे लिहायचे तर खात्री करायला जवळ यावंच लागतं. कुणी काही म्हटलं नाही तर तीन-चार दिवसांत ते मूल टेबलाशी असतं.

काही शिक्षक किडे थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करतात, म्हणजे नीट बघता येतात. तंत्र म्हणून ते चुकीचं नाही, पण लहान मुलांसमोर मी ते करत नाही. नीट दिसावं म्हणून प्राण्याला थांबवायचं असतं, असं त्यांच्या मनात बसायला नको. किडा चपळ असेल तर पांढऱ्या खोलगट भांड्यात सोडा आणि मुलांना थांबायला शिकवा.

तरीही काही अळ्या मरतील. मेलेली गुपचूप फेकून नवी ठेवू नका, नोंदी ठेवणाऱ्या मुलांना कळतं. काय बदललं, केव्हा बदललं, पानं कुठून आणली होती, हे त्यांच्याबरोबर बघा. पतंग किंवा फुलपाखरू बाहेर येताना लालसर किंवा तपकिरी द्रव सांडतो, त्याला मुलं रक्त समजतात, म्हणून तेवढं आधी सांगून ठेवा. कोषाभोवती पंख पसरायला मोकळी जागा आणि धरायला खडबडीत काडी हवी. ती नसेल तर पंख चुरगळलेलेच वाळतात आणि मग काही उपाय नाही.

झाडावरून आणलेल्या अळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट आज ना उद्या होणारच. कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या किंवा एखादी माशी बाहेर पडेल. त्यांच्या आईने अळीच्या अंगात किंवा अंगावर आधीच अंडी घातलेली असतात. शिक्षक अशा वेळी ओशाळतात, प्रयोग फसला म्हणतात. पण हे निसर्गात सर्रास घडतं, आणि मेरियनच्या चित्रांतही अळीतून निघालेल्या अशा माश्या आहेत. मुलांच्या जुन्या नोंदी काढा. ही अळी बाकीच्यांपेक्षा कमी खात होती का? अंगावर कधी काळा ठिपका दिसला होता का? कधी उत्तर सापडतं, कधी नाही.

शेवटी प्राण्यांचं काय करायचं हे सुरू करण्याआधीच ठरवून घ्या. झाडावरून आणलेलं फुलपाखरू पंख वाळल्यावर, ऊन असताना, जिथून अळी आणली तिथेच सोडावं. रेशीमकिड्याचा पतंग बाहेर सोडण्यात अर्थ नाही, तो जगू शकत नाही. त्याला डब्यातच अंडी घालू द्या. मीलवर्म साठवलेल्या धान्याला लागणारी कीड आहे. मुलं कितीही रडली तरी त्यांना घरी किंवा बागेत सोडू देऊ नका.

आणि मुलं शिकली का हे कसं ओळखायचं? लेखी प्रश्नपत्रिका काढू नका. त्यांनी आधी कधी न हाताळलेला जीव चपट्या डबीत घालून द्या, आणि काही बोलू नका. मी बहुधा कुंडीखाली मिळणारा, हात लावला की गोळी होणारा राखाडी जीव देते. त्याला पायांच्या सात जोड्या असतात आणि तो कीटक नाही, खेकड्याच्या नात्यातला आहे. पावसाच्या तोंडाला मिळणारा मखमली लाल मृगाचा किडाही चालतो, आठ पायांचा, कोळ्याच्या कुळातला. बघायचं एवढंच की मूल आधी नाव विचारतं की पाय मोजतं, आकडा जुळला नाही तर पुन्हा मोजतं की शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं, आणि वहीत रेघ मारून डोळा आणि ढग न सांगता काढतं का. गोगलगायही देता येते, पण ती काचेवरून चालली की सगळा वर्ग मोजायचं सोडून तिच्या चकचकीत रेघेच्या मागे लागतो. तेव्हा ती दिलीत तर तास जरा मोठा ठेवा.